रत्नदीपमधलं हरवलेलं उड्डाण

‘आसमानी शेरा’ डोंबिवलीच्या रत्नदीप टॉकीजला लागला, तेव्हा त्या सिनेमाबद्दल काहीही मत नसलेला आमच्या ‘समाधान’ सोसायटीत एकच माणूस होता. तो म्हणजे मी.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. उडणारी, अदृश्य होणारी, तळहातातून वीज सोडणारी माणसं तेव्हा पडद्यावर साथीसारखी पसरली होती. एक गेला की दुसरा हजर. हा शेरा दिवसा एका गोदामावर वॉचमन असतो, त्याच्या अंगावर वीज पडते, आणि मरायचं सोडून तो सिंहाचा मुखवटा घालून आकाशात उडायला लागतो. एवढी गोष्ट. पण लोकांची मतं अशी, की जणू शेरा आमच्या वॉर्डातून उभा राहिलाय.

सोसायटीचे सेक्रेटरी परशुराम ओक यांचा आक्षेप प्राणिशास्त्रीय होता. “साळवे, गरुड मी समजू शकतो. वटवाघूळसुद्धा एक वेळ चालवून घेऊ. परंतु सिंह उडतो म्हणजे काय? काही ताळतंत्र?” असं म्हणून ते दुसऱ्यांदा बघायला गेले. आपली शंका रास्त आहे की नाही ते तपासायला.

तळमजल्यावरच्या भागीरथीबाई मूळच्या ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. त्यांना शेराची तब्येत पसंत नव्हती. “उपाशी पोऱ्या हाय त्यो. कमरंत जीव नाय. त्याचे आयसला सांग, रोज मावरा खावाला घाल म्हनावं, मंग उरव.” भागीरथीबाईंच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, त्यामुळे शेरा त्यांच्यापुरता कायम उरायचा.

सगळ्यात जास्त चर्चा होती ती शेराच्या डाव्या हाताची. हा गडी उडताना उजवा हात पुढे करायचा आणि डावा कमरेवर ठेवायचा. का? ओकांच्या मते ती नृत्यातली मुद्रा होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरने त्याने तोल राहतो असं आकृती काढून सिद्ध केलं. इमारतीतली यच्चयावत पोरं डावा हात कमरेवर ठेवून जिने उतरायला लागली होती.

खरं कारण फक्त मला माहीत होतं. विजारीचं इलॅस्टिक सैल होतं.

मला माहीत होतं, कारण तो उडणारा माणूस माझा सख्खा मेहुणा होता. पोस्टरवर ज्याचं तोंड दिसायचं तो हिरो शिडीवरसुद्धा चढत नसे. मुखवटा चढला की आत आमचा आनंदा. टेंभी नाक्याच्या हंडीला सगळ्यात वरच्या थराला असायचा. तिथे त्याला कुण्या फाइट मास्टरने पाहिलं आणि उचललं, ते थेट आभाळातच नेलं. ठाण्यात खोपटला राहायचा, आईबरोबर. मी स्वतः मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत परचेसमध्ये. माझ्यासारख्या माणसाने ‘माझा मेहुणा उडतो’ हे वाक्य चारचौघांत कसं उच्चारायचं? मी गप्प राहायचो. गप्प राहणारा माणूस विचारी वाटतो, हा त्यातला फायदा.

हा फायदा रोकडे गुरुजींनी संपवला.

गुरुजी कल्याणचे, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची मुलगी संघमित्रा टेलिफोन खात्यात होती. माझी बायको शुभदा हिने भावासाठी हे स्थळ आणलं आणि पाहण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी ठेवला. गुरुजी संघमित्राला घेऊन आले, आनंदासमोरच्या खुर्चीवर ताठ बसले आणि त्यांनी थेट परीक्षा सुरू केली.

“मुलगा काय करतो?”

“सिनेमात असतो,” शुभदा म्हणाली.

“म्हणजे नट?”

“नाही. नटाच्या ऐवजी.”

“नटाच्या ऐवजी काय?”

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. ही तिची जुनी सवय. वाक्याचा अवघड भाग नवऱ्याने म्हणायचा.

“उडतो,” मी म्हणालो.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “माणूस उडत नाही.”

“हो, पण तसं दाखवतात.”

“म्हणजे जे होत नाही ते झालं असं दाखवण्याचं काम. साळवे, मी आयुष्यभर वर्गात अंगात येणं, भानामती, उडती चटई, सगळ्याच्या विरोधात बोललो. आणि जावई उडणारा?”

“बाबा, चहा निवतोय,” संघमित्रा म्हणाली. तेवढंच. पण हे ती अशा आवाजात म्हणाली की गुरुजींनी चहा घेतला, मी घेतला, आणि समोर काही नसताना आनंदानेही माझा कप उचलून घेतला. त्या क्षणी मला कळलं की पोरगा गेला.

चहाने गुरुजी जरा सैल झाले. “हे पाहा, मी नोकरीला लागलो तेव्हा इन्स्पेक्टरसमोर नमुना पाठ दिला होता. तुमच्या मुलानेही द्यावा. मी त्याचं काम पाहीन. पाहिल्यावाचून मत देणाऱ्यातला मी नाही.”

किती सोपं! रविवारी गुरुजींना रत्नदीपला न्यायचं, उड्डाण दाखवायचं, परत आणायचं. मी, शुभदा, आनंदा, गुरुजी, संघमित्रा. पाच तिकिटं. माझी योजना एवढीच होती हे मी आजही शपथेवर सांगेन.

पण शुभदाने हे भागीरथीबाईंना सांगितलं. भागीरथीबाईंना सांगणं आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहिणं यात फरक एवढाच, की फळा लोक वाचत नाहीत.

संध्याकाळी ओक दारात. “साळवे, आपल्या वास्तूशी संबंधित इसम आकाशात उडतो आणि आपण ही बाब समितीपासून लपवून ठेवता?” मी म्हटलं, तो खोपटला राहतो, आपल्या वास्तूशी त्याचा संबंध फक्त जेवणापुरता. पण ओकांनी तोवर प्रसंगाचा ताबा घेतला होता. सगळ्यांनी मिळून जायचं. मध्यंतरात हार घालायचा. ओक दोन शब्द बोलणार. सल्ले तर असे आले की विचारू नका. गुरुजींना पंख्याखाली बसवा, म्हातारा गरम झाला तर नकार देईल. नको, पंख्याखाली नको, पडसं झालं तर नकार देईल. कुणी म्हणालं, आनंदाला मुखवटा घालूनच आणा. ज्या भागीरथीबाई परवापर्यंत शेराला उपाशी म्हणत होत्या त्यांनी आनंदाला दारात धरून, “माज्या पोराचे वरती हायस तू,” म्हणत तळलेल्या बोंबलांचा डबा हातात दिला.

रविवारी दुपारी आख्खी समाधान सोसायटी रत्नदीपच्या बाल्कनीत. गुरुजी मधोमध, मांडीवर छत्री आडवी. आनंदा त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. संघमित्रा आनंदाच्या पलीकडे शुभदाशेजारी.

सिनेमा सुरू झाला. वीज पडली. मुखवटा आला. आणि तो प्रसंग आला. खलनायक नायिकेला बारा मजली इमारतीच्या गच्चीवर नेतो. नायिका किंचाळते. शेरा समोरच्या गच्चीवर उभा राहतो. फडफडणारा झगा. उजवा हात पुढे.

“आता बघा हं,” मी गुरुजींना कोपर लावलं. ओक खुर्चीतून अर्धे उठले.

खट्.

शेरा जमिनीवर उभा होता. नायिका त्याच्या हातांवर होती. सूर्य, जो आत्ता डोक्यावर होता, तो मावळत होता.

“कुठे उडाला?” गुरुजी म्हणाले.

“उडेल. आता उडेल,” मी म्हणालो.

तो उडाला नाही. जिथे जिथे उडायची वेळ आली तिथे तिथे खट् झालं आणि शेरा इच्छित स्थळी पोहोचलेला होता. एसटीने गेल्यासारखा. मध्यंतरात हार तसाच पुडीत राहिला. ‘समाप्त’ आलं तरी मी “आता उडेल” म्हणत होतो असं शुभदा सांगते. मला आठवत नाही.

बाहेर फुटपाथवर मतांचा पाऊस. “सिंह उडत नाही हे पिक्चरवाल्यांना पटलेलं दिसतं,” ओक म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर म्हणाला, वेग इतका होता की डोळ्यांना दिसलं नसेल. भागीरथीबाई म्हणाल्या, “त्यो उरला कवा? माना त वाटतंय जिना उतारला.”

कुणीतरी मागून म्हणालं, “म्हणजे हा आनंदा नक्की करतो काय?”

ते वाक्य ऐकून आनंदाचं तोंड कसं झालं ते मी पाहिलं. मुखवट्याची सवय असल्याने त्याला तोंड लपवायची सवयच नव्हती.

“नमुना पाठाला शिक्षक गैरहजर,” गुरुजी छत्री टेकत म्हणाले. “चला, संघमित्रा.”

आता माझ्या अब्रूचा प्रश्न होता. मी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलो. मॅनेजर पोपटशेठ, पान खाऊन बोलणारे. उड्डाण कुठे गेलं विचारल्यावर त्यांनी तोंड वर करून, पान सांभाळत सांगितलं, “डब्यात आहे. सेफ आहे. पिक्चर लंबा झालेला, साहेब. चार शोचा टाइम बसत नव्हता. मग ऑपरेटर बोलला, काहीतरी काढू.”

“उडणाऱ्या माणसाच्या सिनेमातून उडणं काढलंत?”

“मग काय गाणी काढू? पब्लिक खुर्च्या तोडेल.”

“मी तक्रार करीन!”

“करा ना,” पोपटशेठ प्रेमाने म्हणाले. “ठाण्याला कलेक्टरचं हापिस आहे.”

कधी कधी माणसाने रागाच्या भरात बोललेलं वाक्य समोरचा गांभीर्याने घेतो आणि मग ते आपल्याला निस्तरावं लागतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठाण्याला गेलो. अर्ज ओकांनी लिहून दिला होता. विषय : नायक न उडणेबाबत.

कचेरीतल्या पहिल्या टेबलावरच्या बाईंनी तो दोनदा वाचला. “कोण उडत नाहीये?”

“नायक.”

“आधी उडत होता?”

“हो, पहिल्या आठवड्यात उडत होता.”

“मग बंद कधीपासून झालाय?”

“रविवारी दुपारी लक्षात आलं.”

“एकट्या तुमच्याकडेच बंद आहे की सगळ्या एरियात?”

मी म्हटलं, बाई, हे पाण्यासारखं नाही. तर त्या म्हणाल्या, पाण्याचं टेबल वरच्या मजल्यावर आहे. एवढ्यात मागच्या टेबलावरचे साहेब मान वर करून म्हणाले, “कुठला पिक्चर? ‘आसमानी शेरा’?” आणि घात झाला. साहेबांनी तो पाहिला होता. त्यांच्या मते शेराने शेवटी नायिकेशी लग्न करणं चूक होतं, कारण असल्या माणसाने संसारात पडू नये. बाई म्हणाल्या, का पडू नये? दिवसभर दुनियेला वाचवतो, घरी कुणी चहा द्यायला नको? एक शिपाई फायलींचा गठ्ठा खाली ठेवून म्हणाला, मुखवटा सिंहाचा आहे पण आवाज बैलासारखा येतो. पलीकडच्या खात्यातून एक गृहस्थ केवळ ‘यापूर्वीचा अदृश्य होणारा बरा होता’ एवढं सांगायला आले आणि बसले. मी माझा अर्ज हातात धरून उभा. मला कुणीतरी विचारलं, तुमचं काय मत? मी म्हटलं, मला मत नाही, मला शिक्का हवाय.

शिक्का मिळाला. ‘चौकशी करून कळवण्यात येईल’ असंही कळलं. हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. माझ्या नोकरीत मी स्वतः ते रोज लिहितो.

पण पोपटशेठने ते पूर्वी ऐकलेलं नसावं. अर्जाची शिक्का मारलेली प्रत बघितली आणि त्यांनी पान थुंकलं. “साळवेसाहेब, कागद कशाला आणायचा? प्रेमाने बोलायचं ना! येत्या रविवारी उड्डाण लावतो. तुमच्या मेहुण्यासाठी. जा.”

आता गुरुजींना पुन्हा कसं आणायचं? शुभदाने फोन केला तर गुरुजी म्हणाले, एकदा पाहिलं, झालं. मागून संघमित्राचा आवाज आला. “बाबा, एका गैरहजेरीवर पटावरचं नाव कमी करतात का?” मग गुरुजी म्हणाले, “किती वाजता?”

रविवार. पुन्हा बाल्कनी, पुन्हा सोसायटी. बोंबलांचा नवा डबा. ओकांनी या खेपेला हार आधीच आनंदाच्या गळ्यात घालून टाकला, धोका नको म्हणून. तो बिचारा झेंडू सांभाळत अंग चोरून बसला होता.

गच्चीचा प्रसंग आला. खट्. शेरा जमिनीवर. “धीर धरा,” मी गुरुजींना म्हटलं, पण तो धीर मला स्वतःला नव्हता.

तिकडे पडद्यावर शेराची म्हातारी आई मरायला टेकली होती. दवाखाना, सलाइन, शेरा पायाशी. आई थरथरता हात उचलते. “बेटा...” थिएटर मुसमुसत होतं. भागीरथीबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. आईने मान टाकली. शेराने “माँ!” म्हणून टाहो फोडला.

खट्.

पडद्यावर आकाश खाली, खाडी वर. आणि त्या दोहोंच्या मधून आमचा आनंदा, डोकं खाली, पाय वर, एक हात कमरेवर, पायांच्या दिशेने, मागे मागे उडत चाललेला.

ऑपरेटरने उड्डाण चिकटवलं होतं. नको त्या जागी आणि उलटं.

पडद्यावर शेरा नायिकेला घेऊन जमिनीवरून उलटा सुटला, इमारतीच्या कडेकडेने वर की खाली कुठेतरी गेला, आणि त्याने तिला अत्यंत अदबीने नेऊन खलनायकाच्या हातात ठेवलं. नायिकेची किंकाळी आधी यायची ती नंतर आली आणि तीही उलटी. ‘बचाओ’ऐवजी ती ‘ओचाब’ म्हणाली. मग शेरा मागे मागे सरकत समोरच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला, जणू काही म्हणतोय, घ्या तुमची, मला नको.

खालून कुणीतरी ओरडलं, “ओचाब!” आणि आख्खं रत्नदीप कोसळलं. लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. ओकांचा चष्मा हसताना पडला. आईच्या मरणाने रडणाऱ्या बायका तोच पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी आनंदाकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आणि त्या गदारोळात गुरुजी ताडकन उठले. छत्री पडद्याकडे रोखून ओरडले, “तार!”

“काय?”

“तार दिसली! कमरेतून तार गेलेली आहे! उलटा झाला म्हणून स्पष्ट दिसली!” त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांच्या शाळेचा शंभर टक्के निकाल लागलाय. “म्हणजे तुम्ही तारेला लटकलेले होतात?”

“हो गुरुजी,” आनंदा हारातून म्हणाला. आवाज बारीक. “मी कधी बोललोच नाय, मी उडतो म्हणून. दाजी बोलले.”

“कशी बांधतात?”

“कमरेला पट्टा असतो. आतून. वर क्रेन. खाली चौघं जण दुसरं टोक धरून धावतात, ते थांबले की आपण पण थांबतो.”

“टोचत नाही?”

“सोलवटतं. तेल लावायचं.”

“आणि ती मुलगी? तिचा भार?”

“ती मुलगी नाय. तो नामा. आमच्या हंडीतला.”

“मिशा?”

“होत्या. म्हणून तोंड माझ्या खांद्यात खुपसलेलं.”

“बग, म्हनून ती लाजत व्हती,” भागीरथीबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या.

“ए आजोबा, बसा ना खाली!” असं आधी कुणीतरी ओरडलं होतं. पण थोड्या वेळाने पाहतो तर आसपासच्या तीन-चार रांगा पडद्याकडे पाठ करून आनंदाचं ऐकत होत्या. क्रेनचा माणूस जांभई देतो तेव्हा काय होतं. वाऱ्यात झगा तोंडावर आला तर दिसत नाही, मग अंदाजाने उडायचं. पडलायस का कधी? पडलोय. कुठे? एकदा गाद्यांवर, एकदा गाद्यांच्या बाजूला. त्याने हे इतकं सहज सांगितलं की लोक हसले. संघमित्रा हसली नाही. तिने शुभदाच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि न पिताच परत दिली.

बाहेर आल्यावर गुरुजींनी निकाल जाहीर केला. “पाठ उत्तम. फळा उलटा टांगला होता, त्यात शिक्षकाचा दोष नाही. साळवे, हा मुलगा लबाड नाही. विचारलं की खरं सांगतो. माझी हरकत नाही. पण लग्न मला करायचं नाही. तिला विचारा.”

आम्ही सगळे संघमित्राकडे वळलो. मी, शुभदा, ओक, भागीरथीबाई, इंजिनिअर, आणि कुणाचेच नसलेले दोन प्रेक्षक.

ती म्हणाली, “मला एकदा सुलट बघायचंय.”

मला वाटलं, यात काय? ऑपरेटरला सांगायचं, उलटं कर. म्हणजे सुलट कर. पण तोवर डोंबिवली हाताबाहेर गेली होती. रत्नदीपवर हाउसफुलची पाटी लागली. पोपटशेठने बाहेर नवा बोर्ड लावला : ‘उलट्या उड्डाणासह!’ लोक कल्याणहून, उल्हासनगरहून येत होते. सुपरहिरोच्या सिनेमाबद्दलचं जनमत पूर्णपणे पालटलं. हा पहिलाच हिरो खरा, असं लोक म्हणू लागले. इतरांसारखा खोटं वाचवत नाही, नेऊन परत देतो. आमच्या जिन्यात पोरं मागे मागे जिने चढायला लागली. भाजीवालीला कुणी भाव जास्त म्हटलं तर ती म्हणायची, “ओचाब!”

पोपटशेठला सुलट करा म्हणून सांगायला गेलो तर त्यांनी मला पान दिलं. “साहेब, तुमचे उपकार. पण आता काय सुलट नाय होणार. पब्लिक डिमांड.”

आनंदा दर दोन दिवसांनी खोपटहून यायचा. जेवायचा आणि विचारायचा, “दाजी, सुलट कधी?” मी म्हणायचो, चौकशी करून कळवतो.

आणि मग ज्याची कुणीच कधी अपेक्षा करत नाही ते घडलं. सरकारने माझ्या अर्जाची दखल घेतली.

ठाण्याहून एक साहेब प्रत्यक्ष आले. तेच, शेराच्या लग्नाला विरोध असलेले. बाल्कनीत बसले, उलटं उड्डाण बघितलं, त्यांना हसू आवरेना असं डोअरकीपर सांगत होता. पण हसून झाल्यावर त्यांनी लेखी कळवलं की श्री. साळवे यांच्या तक्रारीत तथ्य आढळून आलं असून चित्रपट मूळ क्रमाने व मूळ दिशेने दाखवण्यात यावा.

श्री. साळवे! नाव घालायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी सोसायटीत माझ्याशी कुणी बोलेना. ओकांनी सह्यांची मोहीम काढली, ‘उड्डाण आहे तसे राहू द्यावे’. मूळ अर्ज यांनीच लिहिलेला! मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, “तेव्हा मी आपला सेक्रेटरी म्हणून लिहिला. आता जनतेचा सेवक म्हणून लिहितो.” भागीरथीबाईंनी अंगठ्याऐवजी मुद्दाम सही केली. दूधवाला दूध ठेवायचा पण बेल वाजवायचा नाही. आणि सर्वांत पहिली सही कुणाची असावी? रोकडे गुरुजींची. ते खास कल्याणहून येऊन करून गेले. “सुलट केलं की तार दिसणार नाही, साळवे. भ्रम पसरेल. मी वैयक्तिक तुमच्या बाजूचा आहे, पण तत्त्वतः विरुद्ध.”

सरकारपुढे सह्या चालल्या नाहीत. पोपटशेठने बोर्ड उतरवला. ऑपरेटरने उड्डाण सोडवून, नीट मूळ जागी, मूळ दिशेने चिकटवलं. आणि त्याच्या पुढच्या रविवारी रत्नदीप ओस पडलं. लोकांनी बहिष्कारच घातला.

बाल्कनीत आम्ही चौघं. मी, शुभदा, आनंदा, संघमित्रा. या वेळी ती आनंदाच्या शेजारी बसली होती. खाली स्टॉलच्या स्वस्त खुर्च्यांत दोन-तीन माणसं होती, त्यातला एक झोपायला आलेला असावा. डबा नाही, हार नाही, दोन शब्द नाहीत. पोपटशेठ दारात उभे राहून माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांची गाय विकली.

गच्ची आली. नायिका किंचाळली, या खेपेला ‘बचाओ’ असं, व्यवस्थित. समोरच्या गच्चीवर आनंदा. उजवा हात पुढे, डावा कमरेवर. वारा. आणि तो सुटला.

खरं सांगतो, पहिल्या आठवड्यात मी आलोच नव्हतो, त्यामुळे मी पहिल्यांदाच तो सुलट बघत होतो. खाली खाडी, खारफुटीचा हिरवा पट्टा, आणि त्यावरून एक माणूस तरंगत चाललेला. पाठ आमच्याकडे. तार कुठे दिसत नव्हती, आणि ती कुठे असेल हे मी शोधलंही नाही. शुभदाने माझा दंड धरला. “अहो, कसा जातोय बघा ना,” ती पुटपुटली, आणि तिच्या नखांचे वण दोन दिवस राहिले. शेराने मिशावाल्या नायिकेला अलगद झेललं, एक वळसा घेतला आणि उतरला. स्टॉलमधला झोपलेला माणूस उठून एकटाच टाळ्या वाजवत होता.

सिनेमा सुटला. बाहेर आलो. मी चणे घ्यायच्या निमित्ताने जरा बाजूला झालो. पण ऐकू येईल एवढाच बाजूला. दाजी म्हणून जबाबदारी असते.

आनंदा हात कुठे ठेवावेत न कळून उभा होता. शेवटी त्याने विचारलं, “कसं वाटलं?”

संघमित्राने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

“नाय आवडलं?”

“मी बघितलं नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? शेजारी तर बसलेलीस!”

“डोळे मिटले होते. तू गच्चीच्या कडेला आलास तेव्हाच. तू उतरलास का म्हणून मी ताईंना दोनदा विचारलं. त्या बघण्यात गुंग.”

“पण एवढा खटाटोप... अगं, तुझ्यासाठी दाजींशी आख्खी डोंबिवली बोलत नाय...”

“मला नाही बघवत, आनंदा. ते सगळे शेराला बघतात. मला तूच दिसतोस.”

आनंदा तिच्याकडे बघत राहिला. पहिल्या आठवड्यापासून हजारो लोकांनी त्याच्याबद्दल मतं दिली होती. हडकुळा, लाजाळू, नाचरा, उलटा, खोटा, जिना उतरणारा. पण आज मिळालेल्या या मताने तो फुटपाथवर असा काही हसायला लागला, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली आणि पोपटशेठ केबिनमधून बाहेर आले, आत काही चुकीचं चिकटवलंय की काय ते विचारायला.